बोरकुटे मोहरीर आणि परतीचा तुकडा

मी बोरकुट्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका अजगराची गोलाई मोजत होते.

गोंडपिपरीला पोस्टमास्तर म्हणून माझी बदली झाली होती. बल्लारशाहून सर्व्हिस मोटारीनं ट्रंक आणि वळकटी घेऊन मी येत होतो. गावाच्या तोंडाशी जंगल खात्याचा नाका होता. रस्त्यात बांबू आडवा, आणि बांबूच्या पलीकडे चार माणसं एक अजगर ताणून धरून उभी. खाकी कोटातले एक बारकेसे गृहस्थ हातात फीता घेऊन त्या अजगराच्या पोटाशी वाकले होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, विडी पेटवली आणि शांतपणे म्हणाला, "आता अर्धा घंटा गेला समजा. बोरकुटेबाबू माल मोजून राह्यले."

मी खाली उतरलो. खाकी कोटानं माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेवरचं माझं नाव वाचलं आणि विचारलं, "तुमी नवीन पोस्टमास्तर काय जी? बरं झालं. हे टोक पकडा." अशा रीतीनं पोस्टाचा चार्ज घेण्याआधी मी अजगराच्या शेपटीजवळ फीत्याचं टोक धरून उभा राहिलो. ते टोक माझ्या हातात कसं आलं हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण बोरकुट्यांना नाही म्हणणं कुणाला जमत नसे, एवढं लवकरच कळलं.

बोरकुटे हे त्या नाक्याचे मोहरीर, म्हणजे कारकून. चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलातून जे काही बाहेर जाई, साग, बिजा, बांबू, डिंक, ते सगळं या बांबूखालून जाई आणि बोरकुटे त्याचा पास लिहीत. पासाचा फॉर्म छापील होता. जात, नग, लांबी, गोलाई, शिक्का. लाकडासाठी छापलेला फॉर्म, लाकडाला अगदी फिट बसे. अडचण जनावरांची होती.

त्या काळात आमच्या जंगलातल्या जनावरांना परदेशी मोठी मागणी होती. दुसऱ्या महायुद्धात तिकडची प्राणिसंग्रहालयं ओस पडली होती म्हणे. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचे एजंट आलापल्ली-अहेरीकडे पिंजरे घेऊन हिंडत आणि अस्वलं, मोर, अजगर, खवले मांजरं असं काय काय घेऊन बल्लारशाची गाडी गाठत. परवानगीचा कागद चांद्याच्या मोठ्या ऑफिसातून येई, पण नाका ओलांडायला पास लागे, आणि पास एकाच जातीचा होता. दुसरे मोहरीर त्यावर 'पिंजरे दोन' लिहून मोकळे होत. बोरकुट्यांना रकाना रिकामा सोडणं माहीत नव्हतं. रिकामा रकाना पाहिला की त्यांचं जेवण कमी होई.

मग त्यांनी स्वतःचं शास्त्र तयार केलं. "हे पाहा मास्तरजी," ते मला समजावून सांगत, "तोडलेल्या लाकडाची गोलाई मधात घेतात. उभ्या झाडाची छातीवर घेतात. आता जित्तं जनावर म्हंजे उभा माल. म्हणून गोलाई छातीवर."

"आणि अजगर?"

"तो आडवा माल."

मोराचा मात्र त्यांना खरा त्रास झाला. मोराची लांबी पिसाऱ्यासकट धरायची की पिसारा सोडून, हे त्यांनी चांद्याला लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. दोन स्मरणपत्रं गेली. शेवटी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला, आणि त्यानंतर आमच्या नाक्यावरून गेलेला प्रत्येक मोर 'शेंड्यासकट' गेला. एकदा एक प्राध्यापक झाडावर वाढणाऱ्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपं डब्यात घालून परदेशी पाठवायला नेत होते. बोरकुट्यांनी सुईत ओवायच्या दोऱ्यानं एकेका देठाची गोलाई घेतली. प्राध्यापक आधी हसले, मग चिडले, आणि तिसऱ्या डब्याला स्वतःच दोरा धरू लागले.

नियमाप्रमाणे प्रत्येक नगावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का उठवायचा असे. तो ते पिंजऱ्याच्या लाकडावर उठवत. एवढी सवलत त्यांनी जनावरांना दिली होती.

पण गोलाई हे बोरकुट्यांचं वरवरचं वेड. खरं वेड परतीच्या तुकड्याचं. पासाचे तीन तुकडे असत. एक नाक्यावर राही, दुसरा मालाबरोबर जाई, आणि तिसऱ्यावर माल पोचला तिथल्या माणसानं 'पोचला' असं लिहून, सही करून तो परत पाठवायचा. बल्लारशाच्या लाकडाच्या डेपोतून ते तुकडे गठ्ठ्यानं परत येत. जनावरांचा एकही येत नसे. एजंट म्हणत, माल बोटीवर चढला, आमचं काम संपलं. बोरकुट्यांचं काम तिथं संपत नसे. त्यांचं पेटंट वाक्य होतं: "गेला थे दिसलं. पोचला थे दाखवा."

ते हे वाक्य सगळ्यांना लावत. बाजाराला पाठवलेल्या माणसाला, माझ्या मनीऑर्डरींना, सासरी गेलेल्या शेजारच्या पोरीच्या बापाला. तिची खुशाली आली का, हे विचारताना ते चेहरा असा करत की बाप बिचारा हिशेबात चूक सापडल्यासारखा बावरून जाई आणि दुसऱ्या दिवशी कार्ड टाकायला माझ्याकडे येई. पोस्टाचा धंदा त्यांनी बराच वाढवला.

पिंजऱ्यावर रंगवलेला परदेशी पत्ता ते वहीत उतरवून घेत आणि दोन महिन्यांनी त्या पत्त्यावर फॉर्मातल्या इंग्रजीत स्मरणपत्र धाडत. 'एक नग, गोलाई इतकी. पोचल्याचा तुकडा मिळाला नाही. त्वरा करावी.' अँटवर्पला, हॅम्बुर्गला, आणखी कुठं कुठं. तिकीट पदरचं. मी लिफाफ्यावर शिक्का मारताना एकदा म्हणालो, "बोरकुटेजी, ते लोक हसत असतील."

"हसू द्या जी. हसून झालं का लिहितील."

रेंजरसाहेबांनी त्यांना दोनदा बोलावून दम दिला. "बोरकुटे, तुमची हद्द त्या बांबूपर्यंत. बांबूच्या पल्याड तुमाले काय करायचं हाय?"

"माही हद्द संपते साहेब," बोरकुटे म्हणाले, "जनावराची थोडीच संपते."

रेंजरसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. पुढं पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, पेपरात वाचलं की जगातल्या देशांनी एकत्र बसून करार केला: रानातलं जनावर किंवा झाड देशाबाहेर जायचं तर पाठवणाऱ्यानं परवाना द्यायचा, घेणाऱ्यानं तो तपासायचा, आणि दोघांनी एकमेकांना कळवायचं. मी पेपर खाली ठेवला आणि मला हसू आलं. एवढ्या मोठ्या लोकांना जे इतक्या उशिरा सुचलं, ते गोंडपिपरीच्या नाक्यावर फीता घेऊन एक माणूस एकटाच करत होता आणि सगळा गाव त्याला खुळा म्हणत होता. त्या गावात मीही होतो.

माणूस तसा एकटाच. पोस्टाला लागून त्यांचं क्वार्टर, मध्ये फक्त एक तट्ट्याचं कुंपण. स्वतः भात शिजवायचे, जवसाच्या चटणीशी खायचे. बायको वारली होती एवढं गावानं सांगितलं, त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. नाक्याबाहेरचा विषय निघाला की ते फीता गुंडाळायला लागत.

मग ती अस्वली आली.

कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा एक एजंट होता. गोड बोलणारा, केसाला तेल आणि बोलण्याला त्याहून जास्त. त्यानं एका पेटीत अस्वलाचं पिल्लू आणलं, हॉलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयासाठी. त्याची माय मोहाच्या झाडाखाली कुणाच्या तरी गोळीला बळी पडली होती. बोरकुट्यांनी परवानगीचा कागद पाहिला, पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं आणि कागद परत केला.

"कागदावर नर हाय. ही मादी हाय."

एजंट हसला. "बाबूजी, तिकडे लोक अस्वल म्हणून बघणार. नर काय, मादी काय."

"अन् तिथी कागद पाहून मोठ्या मादीच्या पिंजऱ्यात टाकली तं? ती फाडून ठेवीन ना लेकराले. चांद्याहून दुरुस्ती आणा."

लेकरू हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्यांनी लगेच खोकून 'मालाले' अशी दुरुस्ती केली. एजंट दुरुस्तीसाठी चांद्याला गेला. माल नाक्याच्या ताब्यात, म्हणजे बोरकुट्यांच्या अंगणात राहिला. चांद्याचं ऑफिस हे चांद्याचं ऑफिस असल्यामुळे दुरुस्तीला दीड महिना लागला.

रजिस्टरात ते रोज एकच ओळ लिहीत: 'अडकवलेला माल, नग एक. स्थिती चांगली.' कुंपणापलीकडून मला जे दिसे ते या ओळीत मावणारं नव्हतं. अस्वलाचं पिल्लू आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसतं. बोरकुट्यांच्या पाठीला केस नव्हते, म्हणून त्यांनी काळी घोंगडी पांघरायला सुरुवात केली. पिल्लानं ती घोंगडी जी धरली ती सोडलीच नाही. सकाळी ते दोघं वारुळं शोधत नाल्याकाठी जात. दहा वाजता नाका उघडे, आणि भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून, पाठीवर अस्वल घेऊन बोरकुटे सागाचे पास लिहीत. बैल बुजत, गाडीवान दुरूनच ओरडून नग सांगत. त्या दीड महिन्यात चोरटं लाकूड आणायची कुणाची छाती झाली नाही.

"बोरकुटेजी, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मालाची देखभाल," ते म्हणाले. पाठीवरचा माल स्वतःचा पंजा चोखत गुणगुणत होता.

शेवटी दुरुस्ती आली. बोरकुट्यांनी फीता काढला. छातीची गोलाई दीड महिन्यात चार इंच वाढली होती. ती त्यांनी दोनदा मोजली. सही केली, पेटीवर हातोडा मारला. मग घोंगडी काढून पेटीत घातली आणि पासावर लिहिलं: 'बारदान, जुनी घोंगडी एक.' तिसऱ्या तुकड्यावर लाल शाईनं दोन रेघा ओढून तो एजंटच्या हातात दिला. "हा परत आला पाह्यजे. नाई आला तं तुमच्या पुढच्या मालाले हा बांबू उठणार नाई."

पेटी लॉरीवर चढली. पिल्लू आत ओरडत होतं. बोरकुट्यांनी बांबू उचलला, लॉरी गेली, बांबू खाली आणला. मग ते नाक्याच्या खोलीत जाऊन बसले आणि तासभर एकही पास लिहिला नाही. बाहेर गाड्यांची रांग लागली, पण त्या दिवशी कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या महिन्यापासून ते रोज माझ्या खिडकीशी येऊ लागले. "परतीचा आला का जी?" पत्र आलं का, असं एकदाही विचारलं नाही. मीही टपालाची पिशवी उघडताना आधी परदेशी तिकीट शोधू लागलो. ते पिल्लू बोटीवर तगलं की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बोटीत निम्मी जनावरं मरतात असं एजंटच्याच एका नोकरानं त्यांना सांगितलं होतं. तीन महिने गेले, चार गेले. दोन स्मरणपत्रं गेली. माझं 'नाही' ऐकून ते मान हलवत आणि नाक्याकडे परत जात. माझ्या नोकरीत मला इतका कमीपणा कधी वाटला नाही. 'नाही' म्हणताना टपाल खात्याला कसलं आलंय वाईट वाटणं, पण वाटे.

दिवाळीनंतर लिफाफा आला. बोरकुट्यांनी तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. "तुमी वाचा. मले फॉर्माचं इंग्रजी येते, मानसाचं नाई."

आत परतीचा तुकडा होता. त्या भल्या लोकांनी तो रकान्यागणिक भरला होता. जात, अस्वल, मादी. नग एक. लांबी. गोलाई, छातीवर. खाली 'पोचला', सही आणि शिक्का. गोलाई आणखी पाच इंचांनी वाढली होती. बोरकुट्यांनी आकडा मला तीनदा वाचायला लावला. मी आनंदानं त्यांचा हात धरला.

"अजून एक कागद हाय," ते म्हणाले.

तो कागद तिथल्या अधिकाऱ्याचा होता. पिल्लू सुखरूप आलं, पण आता कोपऱ्यात घोंगडीत तोंड खुपसून बसतं. खातं, पण माणूस आला की आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. एवढ्या बारकाईनं मोजमाप करून पाठवणाऱ्या माणसाला तिच्या सवयी माहीत असतील असं वाटलं, म्हणून विचारतो. तुमच्याकडे तिला कशी हाक मारत?

मी मराठीत सांगितलं. बोरकुट्यांनी तुकडा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी चार फुलस्केप कागद लिहून घेऊन आले. "याचं इंग्रजी करा."

मी करत गेलो. दिवस बुडताना तिच्या दाराशी जायचं. उभं राहायचं नाही, खाली बसायचं. पाठ तिच्याकडे करायची, तोंड नाही. हातात काही न्यायचं नाही, नाहीतर ती खाण्यासाठी येईल, तुमच्यासाठी नाही. मग हळू म्हणायचं, "आली का व बाई घरी?" दोनदाच म्हणायचं. आली नाही तर उठून यायचं आणि उद्या परत जायचं.

"हे वाक्य इंग्रजीत कसं करू?" मी विचारलं.

"कराचंच नाई. तिले इंग्रजी कुठी येते? इंग्रजी अक्षरात आपली बोली लिहा."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "असं नाई जी. तुमी खिडकीतून बोलून राह्यले. घरात बोलल्यासारखं म्हणा." मी चारदा म्हटलं. पाचव्यांदा त्यांना पटलं. मग त्यांनी मला 'व' या अक्षरावर खाली टीप द्यायला लावली, की हा शब्द घरातल्या बाईमाणसाशी मायेनं बोलताना येतो, तो गाळू नये.

"कोण म्हणायचं हे तुमच्या घरी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांचा हात फीत्याकडे गेला, पण फीता त्या दिवशी खिशात नव्हता. "मीच म्हणो," ते म्हणाले. "आमची बाई ढिवराच्या घरची. तळ्यावर मासोळी धराले जाय, दिवस बुडताना ये. मी दाराशी बसून राहो. ती आली का एवढंच म्हणो. ती हासे. अकरा वर्सं झाली मास्तरजी. मंग घरात कोनाले म्हनाचं? या पोरीले म्हनलं, तं आली."

मी मान खाली घालून लिफाफ्यावर पत्ता लिहायला लागलो. पत्ता कसा लिहिला ते मला आठवत नाही, पण लिफाफा पोचला.

उत्तर संक्रांतीच्या सुमारास आलं. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की तिथला एक म्हातारा राखणदार रोज संध्याकाळी खाली बसून ते वाक्य म्हणायचा. आधी इतर राखणदार हसले. नवव्या दिवशी ती बाहेर आली आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. आता तो रोज म्हणतो. शिवाय, इथून पुढं गोलाईसकट भरलेला तुकडा असल्याशिवाय आम्ही जनावर घेणार नाही, असं त्यांनी व्यापाऱ्याला कळवलं होतं. आठवड्यानं तो एजंट दोन पिंजरे घेऊन आला आणि बोरकुट्यांनी देण्याआधी स्वतःच परतीचा तुकडा मागू लागला. बोरकुट्यांनी फक्त फीत्याचं टोक त्याच्या हातात दिलं.

पण हे आठवड्यानंतरचं. पत्र वाचून झालं त्या दिवशी त्यांनी ते माझ्याकडून घेऊन घडी घातली. मग म्हणाले, "चांगलं झालं. तिथी आता एक मानूस आपली बोली बोलते. तिले परकं वाटणार नाई." आणि जाता जाता म्हणाले, "इथी मले तेवढंही कोनी म्हनत नाई जी. पर माहं काय, मी माल थोडीच हाय." आणि ते हसले.

मला हसता आलं नाही. दोन वर्षं एका कुंपणाआड राहत होतो आणि हा माणूस घरी आला की नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पोस्टाच्या ओसरीवर बसून राहिलो. नाका बंद करून बोरकुटे आले, कुलूप काढायला वाकले. मी कुंपणाकडे पाठ करून, घरात बोलल्यासारखं म्हणालो, "आलात का जी घरी?"

कुलपाचा आवाज थांबला. मला वाटलं, माणूस दुखावला.

"आलो," ते म्हणाले. "तुमचं जेवण झालं का?"